चतुर बाहेर येताना

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची. गिऱ्हाइकांशी गोड बोलायला पुढे मालक होता. हिच्या वाट्याला मशीनची घरघर आणि बोटांना चिकटणारी पांढरी भुकटी. सगळे तिला भिंगवाली म्हणत. सुट्टीच्या दिवशी मात्र ती कॅमेरा घेऊन वस्तीबाहेरच्या तळ्यावर जायची. रानफुलं, कोळी, मुंग्या, धुक्यातलं पाणी, जे दिसेल ते टिपायची. नवरा पहाटेच बेकरीत कामाला जाई, म्हणून सोबतीला सासू. इस्पितळाच्या धुलाईखान्यातून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी अधू, जिभेनं धडधाकट. घरातली माणसं सोडून किड्यांचे कसले फोटो काढतेस, असं दर वेळी म्हणायची आणि दर वेळी सुनेच्या आधी गाडीत जाऊन बसायची.

भिंगवालीला बरीच वर्षं एक फोटो हवा होता. चतुराची अळी पाण्यात वाढते. मोठी झाली की एखाद्या काडीवर चढते, तिची पाठ उकलते आणि आतून पंखवाला चतुर बाहेर येतो. हिला मात्र काडीला चिकटलेली रिकामी कातच सापडायची.

त्या सकाळी अळी सापडली. तळं बरंच आटलं होतं. काठापासून थोडं आत, उरल्यासुरल्या पाण्याच्या कडेला, लव्हाळ्याच्या काडीवर ती चढत होती. मधला गाळ वरून वाळून भेगाळला होता, म्हणून भिंगवालीनं बेधडक पाऊल टाकलं. काडीजवळ पोचून तिनं डोळा कॅमेऱ्याला लावला. पाठ उकलली. आधी डोकं आलं, मग ओले, चुरगळलेले पंख. ती फोटो घेत राहिली. पाय गार पडलेत हे ध्यानात आलं तेव्हा गाळ गुडघ्यापर्यंत चढला होता.

एक पाय उपसायला गेली तर दुसरा मांडीपर्यंत रुतला. त्या धडपडीत लव्हाळं हिसकलं गेलं आणि अर्धवट बाहेर आलेला चतुर पाण्यात पडला.

ओरडावं की नाही, तिला कळेना. म्हातारी धावत आली तर दोघीही अडकणार. आसपास चिटपाखरू नव्हतं, फोन गाडीत होता आणि इथे रेंज कधीच नसायची. शेवटी आवाज होईल तितका साधा ठेवून तिनं सांगितलं, की आई, मी जरा अडकलेय, तुम्ही काठावरच थांबा.

मान वळवून तिला जेमतेम काठ दिसत होता. सासू आली, तिनं एकदा नीट पाहिलं आणि परत फिरली. गाडीचं दार वाजलं. मग बराच वेळ काहीच नाही. गाळ आता कमरेला लागला होता. वर धरलेल्या कॅमेऱ्यानं दंड भरून आले होते. रडू येत होतं, पण एका हुंदक्यानंही आपण आणखी खाली जाऊ, असं तिला वाटत होतं.

सासू परतली ती गाडीतल्या रबरी मॅट आणि मागच्या सीटवरची चादर घेऊन. मॅट एकापुढे एक अंथरून, पलंगावर कूस बदलताना कण्हणारी ती बाई चक्क पालथी झाली आणि सरपटत पुढे आली. चादरीला पीळ देऊन टोक फेकलं. ते लांब पडलं. तिनं पुन्हा फेकलं.

"कॅमेरा सोड," ती म्हणाली.

"आई, थांबा, तो आधी तुमच्याकडे..."

"मला तुझे दोन्ही हात हवेत. सोड म्हणते ना."

तिनं सोडला. चादर काखेखालून घेतली आणि सासूनं सांगितलं तशी मागे रेलली, पाण्यावर उताणं पडावं तशी. पाय जरा जरा हलवत राहिली. सासूनं ओढायची घाई केली नाही. पाय सुटेल तेवढंच ओढायची. मध्येच चादर टरकली. पण फाटली होती ती नुसती किनार. एक बूट आतच राहिला, आणि शेवटी तिची पाठ रबराला टेकली.

घरी पोचल्यावर तिला हुडहुडी भरली. चतुर आपल्यामुळे मेला, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

"मेला," सासू म्हणाली. "तू नाही मेलीस. पाणी तापलंय, आंघोळीला जा."

त्यानंतर सासू कित्येक दिवस अंथरुणाला खिळली. नवऱ्यानं दोघींनाही फैलावर घेतलं आणि तळ्याचं नाव काढायचं नाही असं बजावलं. ते काही फार दिवस टिकलं नाही. मालकानं आपला जुना कॅमेरा तिला वापरायला दिला. आता ती काठ सोडत नाही, कुठल्याही काडीला हात लावत नाही. चतुर फोटोत तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. सासू शेजारी बसून तिच्या कोटाचं टोक मुठीत धरून ठेवते. त्यानं फोटो हलतो, असं सुनेनं एकदा सांगून पाहिलं.

सासू म्हणाली, "हलू दे."