प्रयोगशाळेतलं पाणी कुठे जातं

रोह्याच्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायला लागले, तेव्हा धाटावला कंपन्या येऊन काही वर्षं झाली होती. माझे यजमान त्यातल्याच एका कंपनीत शिफ्टला जात. माझं माहेर पेणचं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलीला घेऊन पेणला जायचं, हे ठरलेलं असे. त्या वर्षी मात्र सुट्टीच्या आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी मला बोलावलं.

"मॅडम, प्रयोगशाळेची दुरुस्ती निघालीय. फरशी, ओटे, नळ, सगळं नवं. मी गावी चाललोय, बाकीचेही बाहेरगावचे. तुम्ही इथे राहता. जरा लक्ष ठेवाल?"

मी हो म्हटलं. बांधकामातलं मला काही कळत नव्हतं. माहेरी घर बांधलं तेव्हा मी लहान होते आणि वाळूच्या ढिगावर खेळण्यापलीकडे माझा त्याच्याशी संबंध आला नव्हता. मुलीला माझ्या भावाबरोबर पेणला पाठवलं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊ वाजता रिकाम्या कॉलेजात जाऊन बसायला लागले.

पहिला आठवडा सामान हलवण्यात गेला. आम्लांच्या बाटल्या मी कुणाला हात लावू दिल्या नाहीत. एकेक उचलून भौतिकशास्त्राच्या वर्गात नेऊन ठेवली. लाकडी टेबलं बाहेर काढली तेव्हा त्यांच्या पाठी दिसल्या. आम्लाने जळून काळ्या, भुसभुशीत झालेल्या. इतकी वर्षं त्याच टेबलांवर हात टेकून मी शिकवत होते.

कामावरचे मिस्त्री खाडीकडच्या गावचे, पन्नाशी ओलांडलेले मुसलमान गृहस्थ होते. दहा-बारा वर्षं मस्कतला इमारतींवर काम करून परत आले होते. बोलायला मोजके. सकाळी आले की आधी सगळीकडे फिरत, हातातल्या लोखंडी सळईने फरशीवर टकटक करत. फरशीचं काम सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी खिडकीकडच्या सिंकपाशी ते थांबले. पुन्हा ठोकलं. मग मला हाक मारली.

"मॅडम, जरा ऐका. इथं आवाज कसा येतो? आणि इथं?"

एका जागी ठण्ण, दुसऱ्या जागी भदभद.

"खाली पोकळ हाय," ते म्हणाले.

ठेकेदाराच्या माणसाचं म्हणणं होतं की वरून काँक्रीटचा थर टाकू, त्यावर फरशी बसवू, जूनच्या आत मोकळे होऊ. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, "मी बसवीन फरशी. पण दोन वर्षांत खाली बसली तर लोक माझं नाव घेतील, तुमचं नाय." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. लक्ष ठेवायला मीच होते ना. मी घाबरत घाबरत म्हटलं, "उकरून बघू या."

चार फरश्या काढल्या. खाली माती नव्हतीच. हातभर खोल खळगा, आणि त्यात सिंकच्या पाइपाचं उरलंसुरलं तोंड. बिडाचा जाड पाइप, पण बिस्किटासारखा चुरा होत होता. विद्यार्थ्यांनी सिंकमध्ये ओतलेलं आम्ल त्याने वर्षानुवर्षं गिळलं होतं. पुढे पाइप उरलाच नव्हता. पाणी सरळ मातीत जात होतं आणि माती घेऊन कुठेतरी निघून जात होतं.

"कुठं?" मिस्त्रींनी विचारलं.

मी त्या सिंकमध्ये हजार वेळा परीक्षानळ्या धुतल्या असतील. भोकातून पाणी खाली गेलं की माझ्या दृष्टीने ते संपलं. ऑफिसात जाऊन इमारतीचा नकाशा मागितला. हेडक्लार्कने दोन कपाटं उपसली. वर्गांचे नकाशे मिळाले, गटाराचा नाही. शेवटी तेच म्हणाले, "बांधकाम चालू होतं तेव्हापासून शिपाईमामा इथे होते. त्यांना माहीत असेल. निवृत्त होऊन खांबला असतात."

दुसऱ्या दिवशी मी एसटीने कोलाडला आणि तिथून खांबला गेले. मामा अंगणात पावट्याच्या वाळलेल्या शेंगा सोलत बसले होते. मला ओळखलं ते आवाजावरून. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी विचारल्याबरोबर हसले.

"आता इचारताय व्हय?" म्हणाले. "गटार मागच्या ओढ्याला न्यायचं होतं. खणता खणता कातळ लागला. मग मुकादम म्हणाला, वळवा. वळवलं वाडीकडं, आन् कुंपणापाशी खड्डा काढून त्यात सोडलं. दगडगोटे भरून. मी सांगितलं व्हतं त्याला, शेजारी हीर हाय. तो म्हणाला, लांब हाय."

"मामा, मग तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"शिपायाला कोन इचारतो, बाई?"

त्यात तक्रार नव्हती. त्यांनी आपलं सांगितलं आणि आत हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला लावला.

माझं मात्र चहाकडे लक्ष नव्हतं. कॉलेजच्या मागची वाडी मला माहीत होती. तिथे एक काकू एकट्या राहत. नवरा वारलेला, मुलगा डोलवीला प्लांटवर कंत्राटी कामाला, महिन्याकाठी येणारा. दोन वर्षांपूर्वी या काकू बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन प्रयोगशाळेत आल्या होत्या. "चव बदललीय गो पाण्याची. बघ ना काय झालंय." परीक्षेचे दिवस होते, माझ्यासमोर वीस मुलं उभी होती. मी लिटमसचा कागद बुडवला. रंग बदलला नाही. म्हटलं, "काकू, आम्ल नाही यात. चांगलं आहे. उकळून प्या." त्या समाधानाने परत गेल्या आणि मी मुलांकडे वळले.

बसमध्ये मी तेच डोक्यात घोळवत होते. लिटमस बदलणार कसा? आम्ल मातीतून जाता जाता मातीतल्या चुन्याशी मिळून निवलं असणार. मागे उरले असणार क्षार. ते लिटमसला दिसत नाहीत. हे मी बारावीच्या पोरांना शिकवत होते आणि त्या दिवशी मला सुचलं नव्हतं. खरं तर सुचायला मी थांबलेच नव्हते.

संध्याकाळी विहिरीवर जाऊन मी स्वतः पाणी काढलं. काकू घरी नव्हत्या. भौतिकशास्त्राच्या वर्गात टेबलावर चार परीक्षानळ्या मांडल्या. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकताच दह्यासारखा दाट पांढरा साका. बेरियम क्लोराइडनेही तेच. पलीकडच्या आळीतल्या विहिरीचं पाणी ताडून बघायला आणलं होतं, त्यात नुसती धुरकट छटा आली. मग मला खरी भीती वाटली ती शिशाची. आमच्याकडे क्षारपरीक्षणात शिशाचे, बेरियमचे क्षार वापरत आणि उरलेलं त्याच सिंकमध्ये जाई. शिशाची परीक्षा मी तीनदा केली. काही दिसलं नाही. पण आमच्या साधनांना बारीक प्रमाण कळत नाही, हेही मला माहीत होतं.

प्रमुखांना ट्रंककॉल लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जिल्ह्याच्या ठिकाणी नमुना पाठवा. आणि मॅडम, अहवाल येईपर्यंत कुणाला काही लिहून देऊ नका. कॉलेजचं नाव आहे."

"लिहून देत नाही सर," मी म्हटलं. "पण सांगणार आहे."

"बरं," ते म्हणाले.

सकाळी मी वाडीत गेले. काकू भेंडीला पाणी घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पाइप, खड्डा, परीक्षा. शेवटी म्हटलं, "काकू, त्या वेळी मी चुकले. नीट तपासलं नव्हतं. हे पाणी पिऊ नका."

त्यांनी बादली खाली ठेवली. "पीत नायच आता. सार्वजनिक नळावरून आणते." मग म्हणाल्या, "पण तू बरं हाय म्हणालीस ना, म्हणून चार महिने प्यायले. चव लागायची, मी म्हनायची, शिकलेली बाय सांगते, माझीच जीभ खराब झाली असल."

माझ्यापुढे जमिनीत भेंडीची रोपं होती, त्यांची पानं कडेने करपलेली दिसत होती. तीही मी आजपर्यंत पाहिली नव्हती.

"कंपनीचं पानी असंल, असं लोक सांगायचे," काकू म्हणाल्या. "धाटाव कुठं, आमी कुठं! तरी मी पन तेच धरून बसले व्हते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उन्हात उभी नको राहू. चल, चा घे."

त्यांनी चहा केला. मी प्यायले. काकू रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, असं तेव्हा वाटलं. आज वाटतं, त्यांना रागावण्यापेक्षा पुढे काय करायचं हे जास्त महत्त्वाचं होतं. कप विसळता विसळता त्यांनी विचारलंच, "हीर परत सुधारंल का?"

हाच प्रश्न मी मिस्त्रींना विचारला. ते म्हणाले, "आधी पाणी जायचं बंद करू. हीर उपसत राहायची. बाकी खुदाच्या हाती." मग त्यांनी कागदावर पेन्सिलने रेघ मारून दाखवली. बिडाचे पाइप नकोत, चिनी मातीचे घालू, त्यांना आम्ल खात नाही. जुना खड्डा उपसून बुजवू. कातळ सुरुंग न लावता छिन्नीने फोडू, दोन माणसांचं पंधरा दिवसांचं काम आहे. आणि ओढ्यापर्यंत जाण्याआधी मध्ये एक टाकी. "मस्कतला एका दवाखान्यात आम्ही बांधलेली. टाकीत चुनखडीचे दगड भरायचे. पाणी त्यावरून जातं, नरम होतं. पण इथं चुनखडी कुठं मिळायची?"

"चुनखडीच कशाला हवी?" मी म्हटलं. "शिंपल्या चालतील."

त्यांच्या गावात शिंपल्या भाजून चुना करत असत, लहानपणी त्यांनी स्वतः भट्टीत कोळसा घातला होता. दुसऱ्या दिवशी रुमालात मूठभर शिंपल्या बांधून घेऊन आले. मी एक शिंपली चंचुपात्रात ठेवून त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं. फसफसून फेस आला. थोड्या वेळाने फेस थांबला, तेव्हा लिटमस बुडवून त्यांना दाखवला. कागद निळाच राहिला.

"पुन्हा करा," ते म्हणाले. काम करणाऱ्या बायकाही घमेली ठेवून येऊन उभ्या राहिल्या. मी पुन्हा केलं. एक बाई म्हणाली, "आगो, शिंपली उकळते बघ!" माझं प्रात्यक्षिक इतकं लक्ष देऊन पुढे कुठल्या वर्गाने पाहिलं असेल, असं मला वाटत नाही.

प्रमुख सुट्टी अर्धी टाकून परत आले. मला वाटलं, माझ्यावर नाराज असतील. ते आल्या आल्या उकरलेल्या खळग्याजवळ उकिडवे बसले आणि पाइपाचा चुरा बोटांत घेऊन बघत राहिले. मग म्हणाले, "मी इथे तुमच्याहून आठ वर्षं जुना आहे." एवढंच. दुपारी ते एकटेच वाडीत गेले. काय बोलले ते मला कळलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या नळजोडणीतून एक पाइप कुंपणाखालून काकूंच्या अंगणात गेला. त्यासाठी प्राचार्यांची सही त्यांनी कशी मिळवली, हेही त्यांनी कधी सांगितलं नाही.

शिपाईमामांना रिक्षाने आणलं. त्यांना दिसत नव्हतं, तरी भिंतीला हात लावत, पावलं मोजत ते नेमके त्या खड्ड्यावर जाऊन उभे राहिले. "हितं." मिस्त्रींनी कुदळ मारली, तर हातभर खाली गोटे लागले. काळे, चिकट. मामा दिवसभर कडुनिंबाखाली खुर्चीवर बसून होते. दर थोड्या वेळाने मिस्त्री त्यांना जाऊन काहीतरी विचारत. बहुतेक प्रश्नांची उत्तरं मिस्त्रींना ठाऊक होती, हे मला दिसत होतं.

अहवाल आला तेव्हा फरशी बसवायला सुरुवात झाली होती. क्षार भरपूर, पिण्यास अयोग्य. शिसं आणि इतर विषारी धातू मर्यादेच्या आत. तो कागद मी दोनदा वाचला आणि मग काकूंना वाचून दाखवला. त्यांना धातूंचं काही कळलं नाही, पण माझा आवाज बदललेला कळला. "म्हंजे मी वाचले म्हन ना," असं म्हणून हसल्या.

काम जूनमध्ये संपलं नाही. कॉलेज उघडल्यावर पहिले तीन आठवडे आम्ही व्हरांड्यात टेबलं मांडून प्रात्यक्षिकं घेतली, पावसाचे शिंतोडे येत आणि बर्नर विझत. प्रमुखांनी एक नवा नियम केला: धातूंचे क्षार सिंकमध्ये टाकायचे नाहीत, कोपऱ्यातल्या बरणीत जमा करायचे. मुलं कंटाळा करत. मग मी त्यांना एकदा टाकीपाशी नेलं, झाकण उघडून शिंपल्या दाखवल्या, आणि तिथून कुंपणापलीकडची विहीर दाखवली. त्यानंतर बरणीवर फारसं बोलावं लागलं नाही.

विहीर त्या वर्षी दोनदा उपसली. पावसाळा गेल्यावर मी पाणी तपासलं, साका कमी आला होता. पुढच्या वर्षी आणखी कमी. तिसऱ्या वर्षी जिल्ह्याचा अहवाल पिण्यायोग्य असा आला. मिस्त्री तोवर मुलाकडे परत मस्कतला गेले होते. मी त्यांच्या घरी निरोप ठेवला, पोचला की नाही माहीत नाही.

काकूंना मी कागद दाखवला, तेव्हा त्यांनी रहाट ओढून कळशी वर काढली आणि तांब्या माझ्यासमोर धरला. "आधी तू पी," म्हणाल्या. मी प्यायले. पाणी गार होतं आणि त्याला कसलीही चव नव्हती. मग त्यांनी तोच तांब्या भरून घेतला, अर्धा प्यायल्या आणि उरलेलं पाणी भेंडीच्या नव्या रोपांना घालून टाकलं.