चिंचेची परीक्षा

आमच्या बुऱ्हाणपूरच्या शाळेच्या फाटकाशी एक म्हातारी चिंचेच्या गोळ्या विकायची. एकदा मी गोळी उचलली, तर तिनं माझा हात धरला. "थांबा सरजी, मॅडमनं अजून पास नाही केली."

मॅडम म्हणजे माझ्याच वर्गातली, कधी तोंड न उघडणारी मुलगी. खाऊला पैसे नसायचे, म्हणून ती लांब उभी राहायची. म्हातारीनं तिला रोज पहिली गोळी चाखायला नेमलं होतं. ती डोळे मिटून चघळायची आणि म्हणायची, "मीठ कमी." म्हातारी मुकाट मीठ भुरभुरायची.

"फुकट दिलं तर पोरगी मान खाली घालते," म्हातारी मला म्हणाली. "विचारलं तर वर करते."

पुढच्या आठवड्यात भूमिती शिकवून मी विचारलं, "समजलं?" सगळा वर्ग "हो" म्हणाला. ती एकटी उभी राहिली.

"नाही जमलं, सर. पुन्हा करा."