ह्यांचं किट

चौक गावच्या बाजारातून घरी येत होते, तेवढ्यात ह्यांच्याबरोबर काम करणारा दगडू समोरून आला. सायकल तशीच रस्त्यात टाकून म्हणाला, "वैनी, चला. दादा कारखान्याच्या गेटवर पडलेत." त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि समजले… माणूस गेला.

हे साजगावच्या कारखान्यात फिटर. सागाची पेटी स्वतः केलेली, आतली हत्यारं वापरून वापरून हाताला बसलेली. रोज संध्याकाळी पेटी कॅरियरला बांधून लोधिवलीला घरी आणायचे, कारखान्यात कधी ठेवली नाही. अपवाद एकच, खंडेनवमीचा. त्या दिवशी सगळे कामगार हत्यारं मांडून झेंडू वाहतात आणि दसरा होईस्तोवर हात लावत नाहीत. आम्ही बौद्ध, पूजा करत नाही. पण हे म्हणायचे, "पूजा नाय केली म्हणून काय झालं? त्यांनाबी एक दिवस इसावा पायजे." त्या वर्षीही पेटी सगळ्यांच्या शेजारी ठेवून आले. सुट्टी संपवून गेले तर गेटला कुलूप. मालकाने टाळेबंदी केलेली, पेटी आत.

चौकच्या गॅरेजवाल्याने निरोप धाडला, "स्वतःचं किट घेऊन या, उद्यापासून लागा." कसलं डोंबलाचं किट आणणार? हे रोज गेटवर जायचे, पहारेकरी रोज म्हणायचा, पेटी द्यायची ऑर्डर नाय. चूल पेटायची पंचाईत झाली होती. माझी चिडचिड व्हायची, ह्यांच्यावर नाही, त्या कुलपावर.

तशातही माणसाची हौस बघा. खोपोलीच्या वाचनालयात जाऊन ग्रंथपालाकडून जाडा इंग्रजी कोश वाचून घेतला. आल्या आल्या सांगायला लागले, "अगं, किट म्हंजे पयलं लाकडाचं भांडं. शब्द डच लोकांचा असंल म्हणतात. मग शिपायाच्या सामानाला किट म्हणाया लागले, मग कारागिराच्या हत्यारांना. भांड्याचं नाव आतल्या मालाला लागलं बघ." मी म्हटलं, "भांडी आहेत हो घरात, माल आणा." हसले. आणि हसता हसता रडायलाच लागले… "माझी हत्यारं गावतील का गं?"

हे गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दगडूने पेटी आणून दिली. आता मिळाली ऑर्डर! झाकण उघडलं तर आत काही नाही. कुणीतरी सगळं लांबवलेलं. एका कोपऱ्यात झेंडूचं वाळलेलं फूल, साथीदारांपैकी कुणी टाकलं असेल.

शेजारणी म्हणतात, तांदूळ तरी ठेवा त्यात. नाही ठेवणार. संध्याकाळी ह्यांची सायकल दारात यायची, त्या वेळेला मी पेटी उघडते आणि तळावरून हात फिरवते. बोटांना अजून तेल लागतं.