हळदीसारखी भर दिलेली डे-लिली

ज्याच्याविरुद्ध पत्रक काढायचं त्याला ते आधी तोंडावर वाचून दाखवायचं, ही जातिअंताचं काम करणाऱ्या आमच्या मंडळाची शिस्त. म्हणून मी कनेरगाव नाक्यावरच्या नर्सरीत गेले आणि नर्सरीवाल्या काकूंसमोर उभी राहून वाचलं: लिलीच्या नावाखाली न फुलणारी रोपं विकून गिऱ्हाइकांची फसवणूक. दोन वर्षं झाली, त्यांच्याकडून आणलेल्या आमच्या अंगणातल्या डे-लिलीला नुसती पानं. दुसऱ्या दिवशी पत्रक छपाईला जाणार होतं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, लावली कशी? मी ऐटीत सांगितलं, कॉलेजच्या जुन्या पुस्तकात लिली, कांदा, शतावरी, कळलावी, कोरफड सगळी एकाच कुळात आहेत, म्हणून कोरफडीशेजारी एकाच वाफ्यात लावली. काकू उठल्या आणि माझ्या गाडीवर मागं बसल्या.

वाफ्यापाशी बसून त्यांनी रोपांच्या बुडाशी चढवलेली माती हातानं उकरली.

"याला भर कोनी देली?"

"मी," आई म्हणाली. ती जन्मभर हळदीच्या रानात राबलेली. "गड्ड्याला भर लागतेच की."

"बाई, ही हळद न्हाई. मान बुजवली तुमी तिची. कशी फुलंल?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. "पुस्तक हिनं वाचलं, म्या न्हाई."

काकूंनी एक रोप उपटून दाखवलं. खऱ्या लिलीखाली कांद्यासारखा कंद असतो आणि तिच्या दांड्यावर पानं असतात. हिला बोटांसारखी जाड मुळं, पानं जमिनीतूनच पंख्यासारखी निघालेली. काकू म्हणाल्या, हिची खरी बहीण ती शेजारची कोरफड. मला पटेना. मोबाइलवर शोधलं तर काकू बराबर. कांदा, शतावरी, कळलावी कधीच वेगवेगळ्या कुळांत गेलेत. डे-लिली आणि कोरफड मात्र एका कुळात आहेत.

पुस्तकाचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा. वरवर बघून कुणाचं कुळ ठरवू नका, असं माणसांबद्दल मी चौकाचौकात ओरडते, आणि अंगणात मी तेच केलं होतं. शिवाय एका बाईच्या धंद्यावर उठले होते.

पत्रक निघालं, पण वेगळं: डे-लिली कशी लावावी. तेही काकूंना आधी वाचून दाखवलं. त्यांनी दोन चुका काढल्या.

भर काढल्यावर यंदा वाफा केशरी झालाय. फूल एकच दिवस टिकतं, म्हणून आई सकाळीच तोडून विहारात नेते. परत आली की खुरपं घेऊन वाफ्याकडं बघत उभी राहते. मी ओट्यावरून ओरडते, "भर नको." ती म्हणते, "नुसती बघून राहिले."