वांग्याच्या वाफ्यातला चोर

आठ दिवसांपूर्वी, शनिवारी सकाळी माझ्या वांग्याच्या वाफ्यात चोर सापडला. रायपुरात गुढ़ियारीकडे आमचं छोटं घर आहे, मागं जरा मोकळी जागा. रोलिंग मिलमधून रिटायर झाल्यापासून मी तिथं भाजी लावतो.

आता चोर म्हणजे काय ते सांगतो, पण आधी मुंग्यांचं सांगावं लागेल.

यंदा वांगी फार छान आली. मी भिलाईच्या विहीणबाईंना फोटो पाठवले, आणि खाली लिहून बसलो की आमच्या वांग्याला किडामुंगी शिवत नाही. त्यांचा लगेच फोन आला... तीन आठवड्यांनी रविवारी भरीत खायला येते, आणि वांगी मी माझ्या हातानं तोडीन. फ्लॅटमध्ये राहतात बिचाऱ्या, त्यांना हौस.

नेमक्या त्याच वाफ्यात लाल मुंग्या झाल्या होत्या. लहानशा असतात, पण चावल्या की घोट्यापर्यंत आग होते.

माझी झोप गेली. विहीणबाईंना शुगर आहे. पायाला मुंगी चावली, त्यांनी खाजवलं, जखम झाली, ती चिघळली... तर माझ्या पोरीला त्या घरात जन्मभर ऐकावं लागेल. "तुझ्या बापाच्या वांग्यापायी."

मग मी हळद टाकली. राख टाकली. मुंग्यांचा खडू आणून वाफ्याभोवती रेघ ओढली, कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी शिंपडलं. दोन-चार दिवस कमी व्हायच्या आणि शनिवार आला की पुन्हा जत्रा. मला तर शेजाऱ्यांवरही संशय आला. आमची मंडळी म्हणाली, "लोकायले काय तेवढाच धंदा आहे काय?"

तर त्या शनिवारी मी बाथरूमच्या खिडकीतून पाहत होतो. आमची मंडळीच हळूच आली, पदराखालून वाटी काढली, आणि चिमूट चिमूट करून वांग्याच्या बुडाशी काहीतरी टाकू लागली. मी तसाच टॉवेलवर बाहेर.

वाटीत कणिक आणि साखर.

"काहून टाकून राहिली तू हे?"

"तुमच्यासाठीच टाकून राहिली," ती म्हणाली. आवाजात जरासुद्धा अपराध नाही. "शेजारच्या दीदीनं सांगतलं. शनिवारी मुंग्यायले दाणा टाकला का घरधन्याचं टेन्शन कमी होते."

"अवं, मले टेन्शन मुंग्यायचंच आहे."

"ते आताचं. आधी पाण्याच्या टाकीचं होतं. त्याच्या आधी बीपीचं. मी कवाची टाकून राहिली."

शेवटी मी म्हटलं, टाक बाई, पण वाफ्यात नको, फाटकाजवळच्या मुनग्याखाली टाक. मुनगा म्हणजे तुमच्या पुण्याकडे शेवगा म्हणतात तो. तिला शंका... जागा बदलली तर लागू होईल का? भिंतीवरून दीदींना विचारलं. त्या म्हणाल्या, "हव भाभी, कहीं भी डालो. चींटी तो चींटी है."

मग मुनग्याखाली मोठं जेवण वाढलं. वाफ्यातला दाणा मी वेचून काढला, वर पाणी सोडलं. रविवारी सकाळी वाफा बऱ्यापैकी रिकामा, मुनग्याखाली मात्र लाल गालिचा. जीवात जीव आला.

विहीणबाई आल्या. चपला पायरीशी काढून, अनवाणी थेट वाफ्यात. मी नको नको म्हणेपर्यंत वांगं तोडूनही झालं. पण एखादी चुकार मुंगी राहिली असेल तर? मी वाकून त्यांच्या पायाजवळ पाहू लागलो.

त्या दचकून मागं सरल्या. "हे काय व्याहीबुवा, असू द्या, असू द्या."

मला वाटलं त्यांच्या अंगठ्याजवळ काहीतरी लाल दिसतंय. मी वाकलेलाच पुढं गेलो. त्या आणखी मागं. "अहो, तुम्ही मोठे आहात, मले पाप लागंन..." असं करत करत आमची वरात फाटकापर्यंत गेली आणि विहीणबाई बरोबर मुनग्याखाली उभ्या राहिल्या.

पुढचं लिहीत नाही. अंगठ्याजवळचं लाल म्हणजे आलता होता, पायाला लावलेला लाल रंग.

पाय बादलीत बुडवून त्या खुर्चीवर बसल्या तेव्हा मी घामाघूम. मनात पोरीचा चेहरा. त्यांनी एकदा मुनग्याकडे पाहिलं, मग आमच्या मंडळीकडे.

"शनिवारचा दाणा टाकता काय तुम्ही?"

"हो. ह्यायच्या टेन्शनसाठी."

"मी पण टाकते, बाल्कनीत. तुमचे जावई लय चिडतात ना." मग पायाकडे पाहून म्हणाल्या, "चावतीनच. त्यायच्या ताटात पाय देल्ला मी."

त्यानंतर त्या दोघी नवरे आणि पोरं या विषयावर अशा बोलत बसल्या की भरीत मला भाजावं लागलं. पायाला रात्रीपर्यंत काही झालं नाही, मी फोन करकरून विचारलं. पोरगी म्हणाली, "बाबा, आता फोन ठेवा. सासूबाई सगळ्यायले सांगून राहिल्या, असा व्याही पाह्यला नाही, पाया पडाले फाटकापर्यंत मागं आला."

पोरीच्या घरी हसतायत, म्हणजे सगळं ठीक आहे.

मला वाटायचं, माझी काळजी माझ्याच डोक्यात असते, कोणाला तिचा त्रास नाही. ही बाई तर ती दर शनिवारी चिमूट चिमूट मुंग्यांना वाटून देत होती... कधी बोलली नाही.

काल पुन्हा शनिवार होता. हिचा गुडघा दुखत होता, म्हणून मुनग्याखाली दाणा मी टाकला. कोणाच्या नावानं टाकायचा ते कोणी सांगितलं नव्हतं. मी हिच्या नावानं टाकला. माझ्यासारख्या माणसाबरोबर राहायचं म्हणजे तिलाही टेन्शन असणारच.