उसातला बिबट्या आणि माझं पत्रक

"उसात बिबट्या आहे. ज्याला जिवंत घरी जायचंय त्यानं माझ्या बाजूला यावं," मंजू म्हणाला आणि त्यानं काठी जमिनीवर आपटली.

चौदातली नऊ मुलं त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. बाकीची काव्याजवळ. काव्या आठवीत, मुलांनी मतं देऊन निवडलेली अध्यक्ष. मंजू त्याच वर्गातला, दोन मतांनी पडलेला.

म्हैसूरजवळच्या वरुणा गावापुढचा एक बसस्टॉप. संध्याकाळचे साडेपाच. साडेचारची बस आलीच नव्हती. मुलांची वाडी दोन किलोमीटरवर, रस्ता दोन्ही बाजूंच्या उसातून. बस न येणं हा अपघात नसतो, कुणीतरी खुर्चीत बसून घेतलेला निर्णय असतो. उपाशी पोटी थांबतात मात्र मुलं.

मी म्हैसूरच्या एका संस्थेत फील्ड वर्कर आहे. मक्कळ ग्रामसभेची तयारी करून घेणं हे आमचं काम. मक्कळ म्हणजे मुलं. वर्षातून एकदा मुलं पंचायतीत प्रश्न विचारतात आणि पीडीओनं, म्हणजे पंचायतीच्या सरकारी अधिकाऱ्यानं, उत्तरं द्यायची. अध्यक्ष मुलांचा, प्रश्न मुलांचे. मोठ्यांनी तोंड बंद ठेवायचं. हा शेवटचा नियम मला जड जातो.

त्याच दुपारी मी शाळेत एक जुनी इंग्रजी कादंबरी कन्नडमधून सांगून संपवली होती. बेटावर अडकलेली मुलं नायक निवडतात आणि मग एका न दिसलेल्या जनावराच्या भीतीनं त्याचं कुणी ऐकेनासं होतं. "आम्ही नाही असं करणार, अक्का!" सगळी एका सुरात म्हणाली. मी खूश होऊन ते रिपोर्टात लिहिलंसुद्धा. शाई वाळायच्या आत ही फाटाफूट.

"बिबट्या पाहिलाय कुणी?" मी मंजूला दरडावलं.

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "यात लिहिलंय की."

कागद माझाच होता. 'उसात बिबट्या, झोपेत प्रशासन!' रस्त्यावर दिवे हवेत म्हणून मी पत्रक काढलं होतं. खरी माहिती एवढीच, की कुणा एकाला फार पूर्वी शेतात पंजाचे ठसे दिसले होते. कशाचे, ते वन खात्यानंही सांगितलं नव्हतं. पण 'ठसे दिसल्याची चर्चा' असा मथळा कोण वाचणार?

मी आमच्या संस्थेच्या सुलोचना मॅडमना फोन लावला. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतात.

"मॅडम, गाडी पाठवा. बस आली नाही."

"गाडी बेट्टदपुरला गेलीय गं. यायला आठ वाजतील. मुलं काय म्हणतायत?"

"त्या मंजूनं फूट पाडलीय! मी आता त्याला चांगलं..."

"अय्यो, सुम्ने, उगाच भाषण नको ठोकू. अध्यक्ष कोण आहे तिथं? तू, की ती मुलगी? तिला विचार."

मी विचारलं नाही. मंजूला झाडलं. हुकूमशाही, दहशत, होते नव्हते ते सगळे शब्द वापरले. काव्याजवळची आणखी दोन मुलं त्याच्याकडे सरकली. चौथीतली पुट्टी रडायला लागली.

काव्या माझ्यासमोर आली. "अक्का, तुम्ही बिबट्या पाहिलात?"

"नाही."

"मग छापलंत कसं?"

सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. सांगावंच लागलं. "ठसे दिसले असं ऐकलं होतं. बाकीचं मी वाढवलं."

"म्हणजे खोटं," मंजू म्हणाला.

"वाढवलेलं."

"आमचे सर त्याला खोटंच म्हणतात."

पुट्टी रडता रडता हसली. काव्यानं तेवढ्यात बोलून घेतलं. "बिबट्या असेल, नसेल. आपण फुटायचं नाही. डेरीत दूध घालायला आलेल्या बायका सहाला परत निघतात. त्यांच्याबरोबर सगळे जाऊ. लहान मधे. मंजू, तू काठी घेऊन मागे."

मंजूचा आवाज एकदम उतरला. "मागे नको. मागचं दिसत नाही ना."

त्या क्षणी कुणी हसलं असतं तर सगळं फिसकटलं असतं. काव्या हसली नाही. "बरं. तू पुढे, मी मागे."

"मागे मीपण येते," मी म्हटलं.

"या अक्का. पण भाषण नको."

सहाला बायका रिकामे कॅन घेऊन आल्या. एकीनं आपला कॅन मंजूच्या हातात दिला. "काठी आहे ना? मग बडव की रे!" वाडी येईपर्यंत त्यानं तो बडवला. पुट्टी त्या तालावर गात होती. बिबट्या असलाच, तर तो पार पलीकडच्या सोसले गावापर्यंत पळाला असेल.

ग्रामसभेत पीडीओंच्या टेबलावर माझं पत्रक होतं. "बिबट्याबद्दल विचारायचंय का?"

"नाही सर, बसबद्दल," काव्या म्हणाली. "प्रश्न मंजू विचारेल."

त्यानं विचारला. काठीशिवाय. पीडीओंनी तिथूनच डेपोला फोन लावला. आता साडेचारची बस येते. कधी पावणेपाचला, पण येते. दिव्यांसाठी भांडण चालू आहे.

उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मुलं प्रश्न लिहितात. नवं पत्रक छापण्याआधी मी ते मंजूला वाचून दाखवते. तो घाबरला, की विचारतो, "पाहिलंत का, अक्का?" नाही म्हणावं लागलं तर ती ओळ खोडते. मथळे जरा मिळमिळीत होतात. होऊ देत.