बिलाखालचे पापड

मी वाशीतल्या एका दोन खोल्यांच्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. आम्ही सोसायट्यांना मेंटेनन्सची बिलं छापायचा प्रोग्रॅम विकायचो. साहेबांचं तत्त्व एकच, "चालतंय ना? मग कॉपी मार." जुन्या सोसायटीचा प्रोग्रॅम उचलायचा, नाव बदलायचं आणि फ्लॉपी नव्या सोसायटीच्या हातात द्यायची.

तसाच तो प्रोग्रॅम नेरूळला आमच्या सोसायटीत आला. पहिल्याच बिलांखाली छापून आलं: 'गच्चीवर पापड वाळवू नयेत.' ही वाशीच्या कुठल्यातरी चेअरमनची हौस. आमच्या गच्चीवर तर शेजारच्या सातारच्या काकूंचं राज्य होतं. त्यांच्या पापड-कुरडयांना आईचा हात लागायचाच. त्या नव्या नवलाईच्या नगरात आईला बोलायला तेवढं एकच माणूस होतं.

काकूंनी बिल आईच्या नाकासमोर धरलं. "तुमच्या पोरीनंच छापलं न्हवं? तोंडावर बोलायचं हुतं की!" आणि धाडकन दार लावलं. आई माझ्याशीही धड बोलेना.

मी ती ओळ काढली, समजूत घातली, काकू जरा निवळल्या. मग पावत्या निघाल्या आणि पावतीखाली पापड हजर! पावतीचा प्रोग्रॅम म्हणजे बिलाच्याच प्रोग्रॅमची कॉपी. तिथून काढलं तर थकबाकीच्या नोटिशीवर उगवलं. "एकदा झालं तर चूक म्हनू," काकू म्हणाल्या, "ह्ये तर टोमणं हायेत." साहेबांनाच गच्चीवर वाळत घालावं, इतका मला राग आला.

मी त्यांना म्हटलं, "बिलाखालची ओळ एकाच जागी ठेवते. बिल, पावती, नोटीस, सगळ्यांनी तिथूनच घ्यायची."

"चालतंय त्याला हात कशाला लावतेस?"

"चालत नाहीये, साहेब. माझी आई घरात एकटी बसलीये."

मी सगळं नव्याने लिहिलं.

काकू खात्री करायला स्वतः सोसायटीच्या ऑफिसात आल्या. एकेक कागद उलटसुलट करून पाहिला आणि खुर्चीत ऐसपैस बसल्या. "आता माझी एक वळ घाल. वाळवण असताना गच्चीवर क्रिकेट खेळू नये."

मी ती एकदाच टाइप केली. प्रिंटर करकरला आणि बिल, पावती, नोटीस, तिन्हींवर काकूंचं फर्मान उमटलं. काकू तशाच वर गेल्या, मी त्यांच्या मागोमाग. त्यांनी आमची बेल वाजवली.

"पोरगी हुशार हाय तुमची. लाटणं घ्या आन् चला."

आई चप्पल न घालताच निघाली. दार मला लावावं लागलं.